बिनशिट्टीचा दम

आक्कानं मला खोली दिली ती माझी फुंकर बघून.

पिरंगुटला पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या एका कारखान्यात मला माल तपासायची नोकरी लागली होती आणि मी भरे गावात खोली शोधत फिरत होते. रस्त्यापासून आत, भातखाचरांच्या कडेला एक दुमजली स्लॅबची चाळ दिसली. खाली चार खोल्या, वर चार. दारात साठीच्या आतबाहेरची, उंच, रुंद खांद्यांची एक बाई बाजेवर बसून लसूण सोलत होती. मी खोलीचं विचारलं. तिनं माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. कमरेची काडेपेटी काढली, एक काडी ओढली आणि हात लांब करून माझ्या तोंडासमोर धरली.

"फुंक."

मी ओठांचा चंबू केला.

"चंबू न्हाई करायचा. आ कर. आ करून इझव."

मी तोंड उघडं ठेवून जोर लावला. ज्योत हलली, वाकली आणि पुन्हा सरळ झाली. दुसऱ्यांदा फुंकलं, तरी तेच. काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली तेव्हा तिनं ती झटकून टाकली. कारखान्यात मी दमा लपवला होता आणि इथंही लपवणार होते. आधीच्या घरमालकिणीनं माझ्या खोकल्याला कंटाळून महिन्याभरात मला बाहेर काढलं होतं.

"कवापास्नं हाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"काय म्हनं. दमा. मगाधरनं खांद्यानं श्वास घेतीयास."

"सातवीत होते तेव्हापासून."

"मला पाळण्यात व्हता," ती म्हणाली. हा तिचा मोठेपणा होता आणि तो मी मानायचा होता. "खालची खोली घे, माज्या भिंतीला लागून. वरच्या फुंकणाऱ्यांस्नी."

हे खरंच तसं होतं. काडीची ही परीक्षा तिला फार वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातल्या कुणा डॉक्टरनं शिकवली होती, आणि भाडेकरूला खोली कुठली द्यायची ते ती त्यावरच ठरवायची. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक बिहारचा ड्रायव्हर बायकोसह राहत होता. हिंजवडीच्या कंपन्यांची माणसं तो गाडीतून ने-आण करायचा. त्यानं म्हणे पहिल्याच फुंकरीत काडीच काय, आक्काच्या कपाळावरची बटसुद्धा उडवली होती. आक्का त्याच्याकडं आदरानं बघायची. "फुफ्फुस हाय का भाता," म्हणायची.

गाव तिला आक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. नवरा पूर्वीच वारलेला, मूलबाळ नाही. जवळच्या रिहे गावात माहेर, तिथंच धाकटी बहीण दिलेली. खाचरं ती स्वतः करायची, आणि मजुरापेक्षा पुढं करायची.

स्वतःच्या दम्याला ती 'त्यो' म्हणायची. "त्यो उठलाय." "त्यो आज निजलाय, बोलू नगा मोठ्यानं." एखाद्या तापट दिराबद्दल बोलावं तसं. त्याच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या. उदबत्तीनं उठतो, आंबट ताकानं उठतो, काँक्रीटचा मिक्सर रस्त्यानं गेला की उठतो. भांडण झालं की हमखास उठतो, म्हणून ती भांडण फार थोडक्यात उरकायची. एकदा शेजारच्या बांधकामावरचा मुकादम तिच्या बांधावर खडी टाकून वर हुज्जत घालायला लागला. आक्कानं त्याला हात दाखवून थांबवलं. "माज्याकडं दहा वाक्यांपुरता दम हाय," ती म्हणाली. "त्यातली दोन झाली. आता तू ठरव, आठ ऐकायची का खडी उचलायची." त्यानं खडी उचलली.

मला हसू यायचं आणि त्याच वेळी भीतीही वाटायची. कारण माझ्याकडंही दहाच वाक्यं होती.

सगळ्यात वाईट दिवस राब भाजायचे. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी जमीन तयार करताना इकडं तिच्यावर शेण, पालापाचोळा, कवळं म्हणजे झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या पसरून पेटवून देतात. त्याला राब म्हणतात. सगळं खोरं धुरकट होऊन जायचं. मी खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबून खोलीत बसायचे, हातात पंप धरून. धूर तरी यायचाच. छाती आवळत आली की वाटायचं, आता पुढचा श्वास आत येणारच नाही. ज्याला दमा नाही त्याला हे सांगून कळत नाही. श्वास सोडलेला असतो आणि मधल्या त्या क्षणात माणूस अगदी एकटं असतं.

आणि बाहेर आक्का, ओला पदर नाकाला बांधून, स्वतःच्या हातानं राब पेटवत असायची.

"आक्का, अहो मराल!" मी खिडकीतून ओरडले होते एकदा.

"राब न्हाई भाजला तर रोप धरत न्हाई," ती तिकडून म्हणाली. मग गोठ्यामागं गेली. मला माहीत होतं कशाला. तिच्या चंचीत सुपारीच्या शेजारी एक निळा पंप असायचा. चार माणसांत ती तो कधी ओढायची नाही. लग्नाच्या वेळी तिच्या घरच्यांनी दमा लपवला होता आणि सासरी तो पहिल्याच सुगीत उघडा पडला होता. 'दमेकरीण' हा शब्द तिनं पुढं पंचवीस वर्षं ऐकला. तेव्हापासून गोठ्यामागं जायची सवय लागली ती लागली. आता ऐकवणारं कुणी उरलं नव्हतं तरी ती गोठ्यामागंच जायची.

त्या पंपाला ती 'फुसफुस्या' म्हणायची. दिवसातून किती वेळा ओढायची याला धरबंध नव्हता. डॉक्टरांनी रोज घ्यायचा म्हणून दुसराही पंप दिला होता, तपकिरी. तो फळीवर देवाच्या शेजारी तसाच ठेवलेला, वेष्टनसुद्धा न फोडलेला.

"त्यानं काय कळतच न्हाई," ती म्हणायची. "ओढला काय, न्हाई ओढला काय. फुसफुस्या कसा, घेतला की कळतंय घेतल्यावानी."

फारच झालं तर औषधाच्या दुकानातून पांढऱ्या गोळ्या आणायच्या, चार दिवस खायच्या, बरं वाटलं की बंद. कुणाला विचारायचं नाही. मी हसले नाही, कारण माझं वेगळं काही नव्हतं. माझाही तपकिरी पंप संपून कितीतरी दिवस झाले होते आणि मी नवा आणला नव्हता. दम लागला की निळा ओढायचा, हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, मग सुटल्यासारखं वाटायचं. आम्ही दोघी त्या बाबतीत एकमेकींना सामील होतो.

पण एक विद्या तिनं मला दिली. संध्याकाळी कधी मला लागायला लागलं की ती माझ्या खोलीत यायची, मला पाठमोरी बसवायची आणि पाठीला कान लावायची. शिट्ट्यांची नावं तिनंच ठेवलेली. बारीक असली तर पितळी, घोगरी असली तर मांजराची, आणि खूप झालं तर कुकरची. "मांजर हाय," म्हणायची, "भिऊ नगं. घोटभर गरम पानी पी." मग तिची पाळी. तिच्या रुंद पाठीला मी कान लावायचे. आत एक अख्खी जत्रा असायची, पिपाण्या वाजत असायच्या. ती विचारायची, "कोन हाय?" आणि मी सांगायचे, "पितळी." खरं तर मला तिच्या पाठीला कान लावायला आवडत नसे. तीस वर्षांनंतरची माझी छाती मी आत्ताच ऐकतेय असं वाटायचं.

तिच्या आईलाही दमा होता. आई दम्यानंच गेली, असं ती सांगायची, आणि ते सांगताना तिचा आवाज जराही हलायचा नाही.

पिरंगुटला एक डॉक्टरीणबाई होत्या, मध्यमवयीन, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. एकदा खोकला हटेना म्हणून मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी छाती तपासली, मग नाडी धरली आणि धरूनच ठेवली.

"निळा पंप आठवड्यातून किती वेळा घेतेस?"

मी खोटंच कमी सांगितलं. तरी त्या चमकल्या. रक्तदाब घेतला. घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का, असं विचारलं.

"मला दमा आहे," मी म्हटलं. "हृदयाचं काही नाही."

"तेच तर सगळे म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि चष्मा खाली ओढून त्यांनी मला नीट सांगितलं. दमा म्हणजे नुसत्या श्वासनळ्यांचं दुखणं नाही. आतली सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली तर ती रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. वर रोजचं औषध टाळायचं आणि निळा पंप मात्र उठसूट ओढायचा, म्हणजे त्या हृदयाला विनाकारण पळवायचं. गोळ्या मनानं खाल्ल्या तर रक्तदाब आणि साखर वाढते ती वेगळीच. "दमा असलेल्या प्रत्येकाला हृदयविकार होतो असं नाही, घाबरू नकोस. पण धोका वाढतो. आणि सगळ्यात वाईट काय, माहितेय? छातीत काहीही झालं की दमेकरी माणूस म्हणतो, दमाच आहे. घरचेही तेच म्हणतात."

घाबरू नकोस म्हटल्यानं कुणी घाबरायचं थांबत नाही. मी घरी आले ती स्वतःच्या छातीवर हात ठेवूनच. तोवर माझी भीती श्वासापुरती होती. आता ती ठोक्यातही शिरली. जिना चढून ड्रायव्हरच्या बायकोला डबा द्यायला गेले तरी मी वर उभी राहून ठोके ऐकायचे. नवा तपकिरी पंप मी त्याच दिवशी आणला.

आक्काला सगळं सांगितलं. ती लसणाची पाकळी सोलता सोलता हसली.

"माजं काळीज बैलावानी हाय. त्याला काय व्हतंय? त्यो काय करायचं ते वर नळीत करतुया, खाली उतरत न्हाई."

"आक्का, एकदा तपासून तरी या."

"आन् तितं काय निघालं तर?" ती पटकन म्हणाली. मग उठून आत गेली. तेव्हा मला वाटलं, चिडली. आज वाटतं की त्या एवढ्याशा वाक्यात सगळं होतं आणि मी ते ऐकलं नाही.

त्या दिवाळीनंतर तिच्यात काहीतरी बदललं. टाकीत पाणी किती आहे ते बघायला ती रोज शिडी चढायची. एके सकाळी चौथ्या पायरीवर बसून राहिली. मी धावले तर म्हणाली, "त्यो आज गुपचूप आलाय." बांधावरून चालताना मध्येच उभी राहायची आणि रोप बघतेय असं दाखवायची, पण खाचरात तेव्हा बघण्यासारखं काही नसायचं. मग दाढ दुखायला लागली. चालायला लागली की दुखायची, बसली की थांबायची. तिनं जाऊन ती दाढ उपटून घेतली. रक्ताचा बोळा तोंडात धरून विजयी मुद्रेनं परत आली. चार दिवसांनी बघते तर जबड्याला फडकं बांधून बसलेली.

"आता तर दाढच नाही," मी म्हटलं.

"शेजारची आसंल."

मी हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

तो रविवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती आणि पिवळा धुरळा दारापर्यंत येत होता, म्हणून मी दार लावून बसले होते. दारावर थाप पडली. उघडलं तर आक्का. चौकटीला धरून उभी. कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तिच्या दंडाला हात लावला तर गार लागला.

"त्यो उठलाय," ती म्हणाली. "धुरळ्यानं. फुसफुस्या लई झाला, उतरंना." तिच्या मुठीत पंप होता. गोठ्यामागं जायचंही तिला सुचलं नव्हतं. यावरूनच मी काय ते समजायला हवं होतं.

मी तिला खाली बसवलं, पाठमोरी केली आणि पाठीला कान लावला.

आत शिट्टी नव्हती.

मी कान सरकवला. खाली लावला, डावीकडं लावला. कुठंच पितळी नाही, मांजर नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की शिट्टीच ऐकू येईनाशी झाली तर तेही वाईट, नळ्या पार बंद झालेल्या असू शकतात. पण इथं वारा आत-बाहेर चांगला वाहत होता. आणि त्या वाऱ्याच्या खाली दुसरंच काहीतरी चाललं होतं. तिचं हृदय ठेचकाळत पळत होतं.

"कोन हाय?" आक्कानं विचारलं.

"कुणी नाही."

"आसंल. नीट ऐक."

"नाही आक्का. हा दमा नाही."

ती वळली. इतक्या जवळून तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. ओठांवर राख फासल्यासारखा रंग आला होता. "साठ वर्सं ओळखतीया मी त्येला," ती म्हणाली. "त्योच हाय. घोटभर पानी दे. बसते जरा." आणि डाव्या हाताचा दंड चोळायला लागली.

मला वाटलं, मी चुकत असले तर? साठ वर्षांचा दमा तिचा, आणि मी तिला सांगणारी कोण? पण दमा असो की हृदय, दोन्हीपैकी काहीही असलं तरी घरी बसायचं नव्हतं. मी अंगणात जाऊन वर हाक मारली. ड्रायव्हर बनियनवरच खाली आला. आक्काकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "दीदी, आप बैठाओ, मैं गाड़ी लाता हूँ।" आम्ही तिला खुर्चीसकट उचललं.

"मला न्हाई जायाचं," आक्का म्हणत होती. "पोरी, ऐक. न्हाई जायाचं मला."

"तू गप बस!" मी ओरडले. त्या दिवसापर्यंत मी तिला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. ती गप बसली.

भऱ्याहून पिरंगुट म्हणजे किती लांब? पण रविवारची मुळशीकडं निघालेली सगळी मोटारवाली मंडळी रस्त्यात होती. ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. मागं आक्काचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि माझ्या छातीत हळूहळू पट्टा आवळला जात होता. धुरळा, धावपळ, भीती. माझा दमा उठला होता. मला लाज वाटली. तिचा जीव चाललाय आणि मी पर्समध्ये पंप शोधतेय. तिनंच ते ओळखलं.

"घे," ती म्हणाली. "तुजा घे. लाजू नगं."

मी ओढला. तिनं माझं मनगट धरलं. ती पकड अशी होती की दुसऱ्या दिवशी तिथं निळं उमटलं.

"भ्या वाटतंय गं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "लई भ्या वाटतंय. लहानपणापास्नं वाटतंय." तिचे डोळे पुढच्या काचेवर होते. "ह्येला सांगू नगं," म्हणाली, ड्रायव्हरकडं बघून.

डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर घेतलं, छातीला तारा लावल्या, आणि यंत्रातून कागद बाहेर यायच्या आधीच चावायला गोळी दिली. कागद बघून त्यांनी फोन उचलला. मला एवढंच म्हणाल्या, "तासभर उशीर केला असता तर..." आणि वाक्य सोडून दिलं. अँब्युलन्सनं पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाची एक वाहिनी जवळजवळ बंद झालेली होती. ती उघडून आत स्टेंट बसवला. हृदयाचा थोडा भाग तेवढ्यातही निकामी झालाच.

तिसऱ्या दिवशी तिला उशीला टेकवून बसवलं होतं. हृदयाचे तरुण डॉक्टर आले, आणि त्यांनीही तेच सांगितलं. जुना दमा, रोजचं औषध नाही, मनानं खाल्लेल्या गोळ्या, वाढलेला रक्तदाब. सगळं एकमेकांत मिसळून हृदयापर्यंत पोचलं होतं. जबड्यातली कळ दाढेची नव्हती, शिडीवरचा दमही दम्याचा नव्हता. आक्का ऐकत होती. मग तिनं विचारलं,

"डागदर, माजी आई जबड्याला फडकं बांदून बसायची. आट दिस बांदलं व्हतं. दाढ दुकतीया म्हनायची. मंग एक दिस भात वैरता वैरता बसली आन् गेली. समद्यांनी म्हनलं, दम्यानं गेली." ती थांबली. "मंग माजी आई कशानं गेली?"

डॉक्टरांनी हातातला कागद बघितला, पुन्हा बघितला. "आता कसं सांगणार, आक्का," ते म्हणाले.

आक्कानं तोंड भिंतीकडं फिरवलं. बराच वेळ तिच्या पाठीचीच हालचाल दिसत होती.

ती परत आली ती दुसरीच बाई होऊन. सकाळी सात वाजता अंगणाच्या मधोमध उभी राहायची आणि तपकिरी पंप असा ओढायची की रस्त्यावरच्यांनी बघावं. मग चूळ भरून मोठ्यानं थुंकायची. कुणी बघायला थांबलं तर म्हणायची, "दमेकरीन हाय मी. तुजं काय?" भाडेकरूंपैकी कुणाला साधा खोकला झाला तरी डॉक्टरीणबाईंकडं पिटाळायची. मलाही तिनंच हृदय तपासायला नेलं. मी तीन वेळा कारण सांगून टाळलं होतं. चौथ्यांदा ती कारखान्याच्या फाटकाशीच येऊन उभी राहिली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "चल, भिणाऱ्ये." माझं सगळं ठीक निघालं. "सध्या ठीक आहे," असं डॉक्टर म्हणाले. त्या 'सध्या'वर मी आजही दिवस काढते.

राब तिनं बंद केला. न भाजता गादीवाफ्यावर रोप केलं. शेजारच्या खाचरांतले हसले. रोप थोडं विरळ आलं, पण आलं. धूर मात्र तरी यायचा, बाकीच्यांचा.

तिला त्यानंतर दीड वर्ष मिळालं. हृदय दमलेलं होतं, आणि औषधांनी त्याला जेवढं रेटता येत होतं तेवढं रेटलं. एका दुपारी जेवून ती बाजेवर बसली होती. ड्रायव्हरची बायको ताक घेऊन आली तर आक्का बसल्या जागी गेलेली. मी तेव्हा कारखान्यात होते. ड्रायव्हरचा फोन आला, तो नुसता "दीदी, दीदी" म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी घरात बायका जमल्या होत्या. जाजमावर बसून जी ती एकच बोलत होती. दम्यानं गेली बाई. आईच्या वळणावर गेली. त्यांच्या घरातच हाय तो. मी कोपऱ्यात होते. मी कधी चारचौघींत तोंड उघडणारी नव्हे, आणि माझ्या दम्याचं तर त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मला ते सहन होईना.

"दम्यानं नाही गेली," मी म्हटलं. "हृदयानं गेली. दमा होता म्हणून कुणी हृदयाकडं बघितलंच नाही, म्हणून गेली. मलाही दमा आहे."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं पदर सावरला, दुसरीनं चहाचं विचारलं, आणि बोलणं भलतीकडं गेलं. मी उठून मागच्या दारी मोरीपाशी गेले.

माझ्या मागून रिह्याची बहीण आली. आक्काहून बारा वर्षांनी धाकटी, किडकिडीत, आक्कासारखीच रुंद कपाळाची. दारात कुणी नाही असं बघून ती हळू आवाजात म्हणाली,

"मला बी हाय दमा. थोरलीवानीच. आन् महिना झाला, बांध चढला की हितं दाटतंय." तिनं हात छातीच्या मधोमध ठेवला. "घरात म्हनत्यात, दमाच हाय, वाफ घे."

"शिट्टी वाजते का तेव्हा?"

तिनं मान हलवली. नाही.

मी तिला चप्पल घालायला सांगितलं. ती म्हणाली, सुतक हाय, लोक काय म्हनतील, दहावं झालं की बघू. मी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. पुढच्या दारातून, सगळ्या बायकांच्या देखत आम्ही बाहेर पडलो. ड्रायव्हर अंगणात उभा होता. त्यानं काही न विचारता गाडीचं दार उघडलं.

पिरंगुटचा रस्ता लागला तशी तिनं विचारलं, "तुला भ्या न्हाई वाटत गं?"

"वाटतं. आत्ताही वाटतंय."

"मला बी." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आक्काला कवाच वाटलं न्हाई. वाघीन व्हती."

मी समोर ड्रायव्हरकडं बघितलं. तो आता ऐकत असला तरी हरकत नव्हती.

"वाटायचं," मी म्हटलं. "तिला लई भ्या वाटायचं."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडाला हळूहळू रडू फुटलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. दवाखाना येईपर्यंत ती रडत होती, आणि मी तिची नाडी धरून बसले होते.